फार्मसीच्या पोरांना वॉर्डात नेमकं काय शिकवायचं?

खलबत्ता

नमस्कार मंडळी. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका धर्मादाय इस्पितळाच्या फार्मसीत आहे. यंदापासून जवळच्या कॉलेजची फार्म.डी.ची पोरं क्लर्कशिपला (म्हणजे वॉर्डातल्या सरावाला) आणि डी.फार्म.ची पोरं ट्रेनिंगला आमच्याकडे येणार आहेत. त्यांना बघायचं काम साहेबांनी माझ्या गळ्यात घातलंय. जादा पगार नाही हे सांगायला नकोच. पण काम आवडीचं आहे, म्हणून हा धागा.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फार्म.डी. आपल्याकडे २००८ च्या नियमांनी सुरू झाली. पाच वर्षं शिक्षण आणि सहावं वर्ष इंटर्नशिपचं. त्यातले सहा महिने मेडिसिनमध्ये, बाकीचे दोन-दोन महिने इतर तीन विभागांत. कॉलेजला किमान ३०० खाटांचं इस्पितळ जोडलेलं असावं लागतं. डी.फार्म.वाल्यांना, म्हणजे डिप्लोमाच्या पोरांना, किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं ट्रेनिंग, त्यातले २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठीवरची औषधं देण्यात जायला हवेत, असा दंडक पूर्वापार आहे. बी.फार्म.ला सहाव्या सेमिस्टरनंतर १५० तास, तेही कंपनी, इस्पितळ किंवा दुकान यांपैकी कुठेही चालतात. म्हणजे चार वर्षांची पदवी घेतलेला मुलगा आयुष्यात एकदाही पेशंटशी न बोलता रजिस्टर्ड फार्मासिस्ट होऊ शकतो.

तासांचा हिशेब नियमात चोख आहे. त्या तासांत पोरगं काय करणार आणि केलेलं कोण तपासणार, इथे घोडं पेंड खातं. माझं मत सरळ आहे: तपासणारं माणूस नसेल तर हजार तासही फुकट, आणि असेल तर तालुक्याच्या काउंटरवरही उत्तम क्लिनिकल ट्रेनिंग होतं.

मी काय ठरवलंय ते सांगतो. पहिल्या दिवशी फाइल द्यायचीच नाही. नव्याने ॲडमिट झालेल्या पेशंटकडे पाठवायचं आणि नातेवाइकांना सांगायचं, घरातली औषधांची पिशवी घेऊन या. ती पिशवी पलंगावर रिकामी करायची. त्यात काय काय निघतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक! दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या ब्रँडने दिलेलं एकच ग्लिमेपिराइड (डायबेटिसची गोळी), मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेल्या सांधेदुखीच्या गोळ्या, कुणीतरी दिलेलं चूर्ण, तीन वर्षांपूर्वीचं थायरॉइडचं पाकीट आणि त्याच्याच जोडीला कॅल्शियम. थायरॉइड आणि कॅल्शियम एकदमच घेतात का, की मध्ये चार तास सोडतात, हे विचारायचं. 'गोळ्या वेळेवर घेता ना?' असं विचारलं की सगळे हो म्हणतात. 'आठवड्यात गोळी कधी राहते?' असं विचारलं की मग बाजाराचा दिवस, एकादशी, शेतातलं काम, सगळं बाहेर येतं.

यातून जी यादी तयार होईल ती ट्रीटमेंट शीटशी ताडून बघायची. काय सुटलं, काय दुप्पट झालं, काय मुद्दाम बंद केलं. मग तोच पेशंट डिस्चार्ज होईपर्यंत सोडायचा नाही. दहा पेशंटच्या वरवरच्या केस लिहिण्यापेक्षा एकच शेवटपर्यंत.

तुम्ही कुणी असं काम केलं असेल, शिकला असाल, किंवा या पोरांचा त्रास झाला असेल तर लिहा.

तालुक्याचा_केमिस्ट

धागा चांगला काढलात. वडिलांपासूनचं दुकान आहे, डी.फार्म.ची पोरं दरवर्षी येतात. त्यातली निम्मी पहिल्या दिवशी फॉर्म पुढे करून विचारतात, 'काका, सही मिळेल का? यायला जमणार नाही.' मी हात जोडतो. दुसरीकडे मिळते त्यांना सही, हेही माहीत आहे. पुढे हीच मंडळी लायसन्स भाड्याने देऊन घरी बसतात आणि काउंटरवर बारावी नापास पोरगा औषधं देतो.

जी खरंच येतात त्यांच्याकडून मी पहिले काही दिवस रॅक लावून घेतो. लोक हसतात, पण रॅक लावल्याशिवाय नावं डोळ्यांखालून जात नाहीत, आणि सारख्या नावांची औषधं शेजारी ठेवायची नाहीत हे हाताला कळत नाही. मग शेड्यूल एच-१ चं, म्हणजे ज्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्यांचं, रजिस्टर: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. तीन वर्षं जपायचं. त्यानंतर लहान मुलांचं ड्राय सिरप. पाणी उकळून गार केलेलं, आधी बाटली उलटी करून पावडर सुटी करायची, खुणेच्या थोडं खाली पाणी, हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत. हे आईला करून दाखवायचं. नुसतं तोंडी सांगितलं तर ती घरी जाऊन खुणेच्या वर भरते, आणि मग औषध पातळ.

यंदा एका पोराने मला खूश केलं. संधिवाताच्या आजींचा मुलगा चिठ्ठी घेऊन आला होता, त्यात मेथोट्रेक्सेट. चिठ्ठीत आठवड्यातून एकदा असं इंग्रजी आद्याक्षरांत खरडलेलं. मुलगा म्हणे, 'रोज एक ना?' आमच्या पठ्ठ्याने गोळी हातातच धरली आणि विचारलं, 'कुठल्या वारी देणार?' वार ठरेपर्यंत पाकीट दिलं नाही. मग पाकिटावर मार्करने 'फक्त सोमवार' लिहून दिलं. मेथोट्रेक्सेट रोज घेतलं तर माणूस जातो हे पुस्तकात असतंच, पण काउंटरवर तो प्रश्न सुचणं वेगळं.

दुसरी_पाळी

मी स्टाफ नर्स आहे, मेडिसिन वॉर्ड. आता आमची बाजू.

ही मुलं आठ-दहाच्या घोळक्याने येतात, नेमकी सकाळी राऊंडच्या आणि इंजेक्शनांच्या वेळी, आणि फाइल घेऊन बसतात. डॉक्टर फाइल मागतात, फाइल कुठे? पॅरापेटवर! ॲप्रनवर कॉलेजचं नाव असतं, पण कोण, कशासाठी आलेत, कुणी सांगत नाही. एका पेशंटच्या मुलीने मला विचारलं, हे औषध कंपनीचे लोक आहेत का?

पण एक गोष्ट मान्य करते. आमच्याकडे एक मुलगी दुपारच्या वेळी येऊन माझ्याबरोबर ट्रॉली मांडायला उभी राहायची. फेनिटॉइन (फिटचं औषध) डेक्स्ट्रोजमध्ये घालायचं नाही, खडे धरतात, सलाइनमध्येच, हे आम्हाला माहीत असतं. तिने विचारलं की सेफ्ट्रायॅक्सोन (अँटिबायोटिक) आणि आर.एल. (रिंगर लॅक्टेटची बाटली) एकाच लाइनमधून चाललंय का. आर.एल.मध्ये कॅल्शियम असतं आणि त्याच्याबरोबर सेफ्ट्रायॅक्सोनचे खडे धरतात, ते लक्षात आलं. आम्ही मग ट्रॉलीच्या आतल्या बाजूला कशाबरोबर काय चालत नाही याचा तक्ता लावला. तिच्याच हातचा आहे, अजून आहे.

खलबत्ता, पोरांना सांगा: आधी सिस्टरला भेटा. राऊंड झाल्यावर या. फाइल जागेवर ठेवा. एवढं केलं तर आम्हीच शिकवू.

खलबत्ता

ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. ओळख करून देण्याचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. पहिल्या दिवशी मी स्वतः प्रत्येक वॉर्डात घेऊन जातो. आणि एका वेळी एका वॉर्डात दोनच.

एमडी_बाह्यरुग्ण

फिजिशियन आहे. स्पष्ट लिहितो, राग मानू नये.

सुरुवातीला मला हे लोक नको होते. कारण असं की एका इंटर्नने पेशंटसमोरच 'सर, हा डोस चुकीचा आहे' म्हटलं. डोस बरोबर होता, पण तो मुद्दा नाही. नसता बरोबर तरी पेशंटसमोर हे बोलायचं नसतं. आमच्या रेसिडेंटने असं केलं असतं तर त्यालाही ऐकावं लागलं असतं.

नंतर एक चांगला शिक्षक आला आणि चित्र पालटलं. त्याने पोरांना एक सवय लावली: आकड्याशिवाय तोंड उघडायचं नाही. उदाहरण देतो. ७२ वर्षांची बाई, वजन ४५ किलो, न्यूमोनिया, लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ७५० मिग्रॅ रोज. क्रिएटिनिन १.४. घाईत आपण म्हणतो, ठीक आहे, जरासं वाढलंय. पोरीने किडनी औषध किती बाहेर टाकते (क्लिअरन्स) याचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र मांडलं: १४० उणे ७२, गुणिले ४५, भागिले ७२ गुणिले १.४, आणि बाई म्हणून ०.८५. उत्तर येतं २६ च्या आसपास. राऊंड संपल्यावर बाजूला येऊन तिने विचारलं, 'सर, क्लिअरन्स २६ येतोय. ७५० रोजच ठेवायचं की एक दिवसाआड करायचं?' मी एक दिवसाआड केलं. तिने माझा वेळ वाचवला आणि मला कुठे कमीपणाही आला नाही.

हे वाक्य कसं बोलायचं, कधी बोलायचं, कुणाला बोलायचं, हे कॉलेजात शिकवत नाहीत. तुम्ही शिकवा.

दुसरं, एडीआरचे (औषधांच्या दुष्परिणामांचे) फॉर्म. आपल्या औषधदक्षता कार्यक्रमाचा संशयित दुष्परिणामांचा फॉर्म पोरांनी भरायला सुरुवात केली तेव्हा आमचे सहकारी बिचकले, उद्या कोर्टात लागेल म्हणून. फॉर्मवरच छापलेलं असतं की रिपोर्ट दिला म्हणजे औषधामुळे किंवा डॉक्टरमुळेच झालं अशी कबुली होत नाही, आणि नाव गुप्त राहतं. ते वाचून दाखवल्यावर भीती गेली. हे काम त्यांच्याकडून जरूर करून घ्या. अंगावर पुरळ आलं तर कुठलं औषध कोणत्या तारखेला सुरू झालं हे मागे जाऊन शोधायला चिकाटी लागते, ती आमच्याकडे ओपीडीच्या दिवशी नसते.

वाकडी_वाट

सगळं छान. पण हे शिकून करायचं काय? माझा चुलतभाऊ फार्म.डी. झाला. सहा वर्षं, फी विचारू नका. इंटर्नशिपमध्ये एक रुपया स्टायपेंड नाही. आता पुण्यात एका कंपनीत बसून परदेशातल्या एडीआरच्या केसेस कॉम्प्युटरवर भरतो. पगार बरा आहे, पण वॉर्डचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. इस्पितळाला क्लिनिकल फार्मासिस्ट म्हणजे एनएबीएचची (इस्पितळांचा दर्जा तपासून मान्यता देणारी संस्था) तपासणी आली की आठवणारा माणूस.

माझ्या मते आधी पदं निर्माण करा, मग ट्रेनिंगच्या गप्पा.

खलबत्ता

वाकडी_वाट, स्टायपेंडचं तुमचं शंभर टक्के बरोबर. फुकट राबवून घेणं चूकच. पण पदं आधी की कामाची माणसं आधी, यात मी दुसऱ्या बाजूला आहे. वर डॉक्टरसाहेबांनी लिहिलंय ना, एक पोरगी कामाला आली तेव्हा त्यांचं मत बदललं. ज्या इस्पितळाने असं काम पाहिलंच नाही ते पद कशाला मंजूर करेल? कर्नाटकात म्हैसूरला नव्वदच्या दशकात क्लिनिकल फार्मसी सुरू झाली, तेव्हाही आधी वॉर्डात जाऊन उभं राहायला लागलं. आणि तुमच्या भावाला केस भरताना 'हे औषधामुळेच झालं का' हे ठरवता येत असेल, तर ते बहुधा त्या इंटर्नशिपमधूनच आलं असणार. विचारून बघा.

लेस्टरवासी

इंग्लंडमध्ये कम्युनिटी फार्मसीत आहे, मूळची सोलापूरची. इथलं थोडं सांगते, तुलना म्हणून. कुठलं भारी हे ठरवायला नाही.

चार वर्षांच्या एम.फार्म.नंतर (इथे हीच पहिली पदवी) ५२ आठवड्यांचं फाउंडेशन ट्रेनिंग असतं. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक ठरलेला सुपरवायझर. दर १३ आठवड्यांनी तो लेखी अहवाल देतो. शेवटी नोंदणी परीक्षा. आता २०२६ पासून नवीन नोंदणी होणारे सगळे फार्मासिस्ट स्वतः औषध लिहून देऊ शकतील, त्यामुळे त्या वर्षात ९० तास औषध लिहिण्याचा सरावही असतो, तोही कुणाच्या तरी देखरेखीखाली.

तासांपेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो सुपरवायझर. माझ्याकडे जो मुलगा आहे त्याने लिहिलेल्या प्रत्येक दाव्याला मी पुरावा मागते. 'पेशंटला इन्हेलर समजावला' असं लिहून चालत नाही. पेशंटने परत करून दाखवला का? कुठे चुकला? दुसऱ्यांदा जमला का? असं लिहावं लागतं. हे करायला इंग्लंडच लागतं असं नाही. एक वही आणि एक खडूस बाई पुरते.

न्यू जर्सीहून

लेस्टरवासींना अनुमोदन. अमेरिकेत फार्म.डी.ला सुरुवातीच्या वर्षांत किमान ३०० तास आणि शेवटच्या वर्षात किमान १४४० तास प्रत्यक्ष जागेवर. एक सूचना ज्यांना इकडे यायचंय त्यांच्यासाठी: भारतातली चार वर्षांची बी.फार्म. २००३ नंतरची असेल तर इथल्या समकक्षता परीक्षेला बसता येत नाही, पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. दरवर्षी कुणीतरी हे उशिरा कळून रडतं. बाकी रोमात आहे, वाचतोय.

निशिगंधा

मी फार्मसीवाली नाही, नुसती वाचत होते. लेस्टरवासींच्या इन्हेलरवरून आठवलं. आमचे मामा रोटाकॅपची कॅप्सूल, यंत्रात घालून आतली पूड श्वासाने ओढायची असते ती, पाण्याबरोबर गिळायचे! महिनाभर. कुणी दाखवलंच नव्हतं. दम काही कमी होईना, मग डॉक्टर बदलले.

खलबत्ता

निशिगंधा, तुमचे मामा एकटे नाहीत. हे इतकं सर्रास आहे की आम्ही विचारतो ते 'कसं घेता?' असं नाही, 'घेऊन दाखवा' असं.

आणि याच माळेतलं इन्सुलिन. मी पोरांच्या हातात दोन सिरिंज देणार आहे. लाल टोपणाची ४० युनिटची, नारिंगी टोपणाची १०० ची. आपल्याकडे कुपीत बहुतेक ४० युनिट प्रति मिली, पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. पेन बिघडलं की घरातलं कुणीतरी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने ओढतं. २० च्या खुणेपर्यंत ओढलं की शरीरात ५० युनिट जातात, अडीचपट. रात्री शुगर खाली जाऊन पेशंट बेशुद्ध, आणि डिस्चार्ज कार्डावर डोस अगदी बरोबर लिहिलेला! पोरांनी पाण्याने भरून दोन्ही शेजारी धरून बघायचं. एकदा बघितलं की विसरत नाहीत.

निशिगंधा

थांबा. आईचं पेन बंद पडलंय आणि भावाने सिरिंज आणल्यात. टोपण लाल आहे. ती कार्ट्रिजमधूनच घेतेय का ते विचारते आत्ता फोन करून.

एमडी_बाह्यरुग्ण

निशिगंधा, आत्ताच करा. कार्ट्रिजमधून घेत असतील तर पुढचा डोस त्या सिरिंजने देऊ नका, त्यांच्या डॉक्टरांशी बोलून मगच. आत्ता शुगर तपासा. घाम, थरथर, बरळणं असं काही असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या आणि लगेच दवाखाना.

निशिगंधा

बोलले. सिरिंज आणली होती पण वापरली नव्हती, भाऊ उद्या नवीन पेन आणणार होता आणि आजचा डोस लाल टोपणातून देणार होता. आता मेडिकलमधून पेन आजच घेतोय. शुगर १६२. हुश्श. तुम्हा दोघांचे आभार कसे मानू कळत नाही. माफ करा, विषयांतर झालं.

दुसरी_पाळी

विषयांतर कसलं, हाच विषय आहे.

पाचवं_वर्ष_कंटाळा

फार्म.डी. पाचवं वर्ष, मराठवाडा. सर्वांचं वाचून जळफळाट झाला. आमचं इस्पितळ कॉलेजपासून लांब. बसने चाळीस जण जातो, दोन तास एका हॉलमध्ये बसतो, सीनियरच्या जुन्या केसमधली नावं-वयं बदलून सोप नोट (केसची ठरलेल्या साच्यातली नोंद) लिहितो. सर विचारतात पण त्यांनाही वॉर्डात कुणी ओळखत नाही. माझ्या फाइलमध्ये डझनावारी केस आहेत आणि मी एकाही पेशंटची औषधांची पिशवी उघडून बघितलेली नाही. आता काय करू? इंटर्नशिप पुढच्या वर्षी आहे.

लेस्टरवासी

बाळा, कॉलेज बदलणं तुझ्या हातात नाही, पण हॉलमधून उठणं आहे. दुपारी एकटा जा. वर दुसरी_पाळी ताईंनी सांगितलंय तसं सिस्टरला भेट, काम विचार. एकच पेशंट धर. रोज तीन ओळी लिही: आज काय बदललं, का बदललं, मला काय कळलं नाही. न कळलेलं सरांना विचार, नाहीतर इथे विचार. पेशंटचं नाव, नंबर, फोटो मात्र इथे कधीच टाकू नकोस.

एमडी_बाह्यरुग्ण

आणि रेसिडेंटशी मैत्री कर. रात्रीच्या ड्युटीला त्यांना बोलायला कुणी नसतं. डिस्चार्ज कार्डावरची औषधं पेशंटला समजावून सांगायचं काम मागून घे. ते कुणालाच करायचं नसतं, त्यामुळे नाही म्हणणार नाहीत.

तालुक्याचा_केमिस्ट

दिवाळीच्या सुट्टीत घरी येणार असशील तर गाव कळव, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. जवळपास असलं तर माझ्या काउंटरवर ये. नसलं तर आमच्या ओळखीत चांगली दुकानं आहेत, बघू. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते नऊ. मोबाइल गल्ल्यात.

पाचवं_वर्ष_कंटाळा

काका, व्यनि केलाय. मी फार्म.डी.चा असल्याने मला तुमच्याकडच्या तासांचं सर्टिफिकेट वगैरे काही लागणार नाही. पण काउंटरवर उभं राहता येईल ना, की रॅकच लावायला लावाल?

तालुक्याचा_केमिस्ट

आधी रॅक.